अर्जताईंचं उघडं दार

साल १९८९. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत तेव्हा एकच कॉम्प्युटर होता, तोही डीनसाहेबांच्या ऑफिसात मखमली कापडाखाली झाकलेला. बाकी सगळा कारभार टाइपरायटरवर चाले. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शरीररचना विभागामागची सांगाडे ठेवायची खोली रिकामी झाली. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक कपाट आलं आणि दारावर पाटी लागली, ‘संशोधन अनुदान मार्गदर्शन’. सांगाडे गेले, पण ते अडकवायचे आकडे छताला तसेच लोंबत राहिले.

तिथे बसायला आलेल्या बाई आधी एका आरोग्य मासिकात होत्या. मासिक बंद पडलं आणि त्या इकडे आल्या, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर. कुठली संस्था कशासाठी पैसे देते त्याची माहिती ठेवायची आणि डॉक्टरांना संशोधनाचा प्रस्ताव नीट लिहायला मदत करायची, हे त्यांचं काम. विद्यापीठात रोग ओळखणारे पुष्कळ होते. आपल्याला नेमकं काय शोधायचंय ते सरळ चार वाक्यांत सांगणारे मात्र विरळा. महिनाभरात बाईंचं नाव अर्जताई पडलं. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण पुढे चिठ्ठ्यांखाली त्या स्वतःच तशी सही करू लागल्या.

त्यांच्याकडे एक डॉक्टरीण गेली ती नाइलाजाने. सगळे तिला कानवाली डॉक्टरीण म्हणत. शहराच्या कडेला यंत्रमागांच्या गल्ल्या होत्या आणि तिथल्या कामगारांचे कान तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. मागांचा खडखडाट दिवसभर ऐकून माणसं हळूहळू बहिरी होत. पण बहिरं झाल्याचं कुणी कबूल करत नसे. मालकाला कळलं की काम सुटायचं. तपासणीच्या वेळी तिची बोटं यंत्राच्या बटणावर कधी पडतात ते बघून हे लोक ‘आला आवाज’ म्हणून हात वर करत. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावत. विनोदावर सगळे हसले की क्षणभराने हसत. हे सारे बहाणे तिला पाठ होते. गल्लीतल्या बायका तिला गमतीने म्हणत, “डॉक्टरीणबाई, तुमच्यापुढं चोरालासुद्धा कान टवकारायची भीती.”

आणि तिथेच तिला एक गोष्ट सुचली होती. नवरे लपवत, पण त्यांच्या बायका सगळ्या मोठ्याने बोलत. नवऱ्याचा कान जसा जाई तसा बायकोचा आवाज चढे, तिच्याही नकळत. मग कान कशाला तपासायचा? बायकोचा आवाज मोजायचा. कामावर कुणाला काही कळणार नाही आणि दुखणं वेळेत सापडेल. इतकी साधी कल्पना की आजवर कुणाला सुचली कशी नाही, याचंच तिला नवल वाटे आणि भीतीही वाटे. साधी गोष्ट उचलायला किती वेळ लागतो?

तिच्या तपासणी पथकाचा जुना निधी त्या वर्षाअखेरीस संपत होता. नवा मिळाला नाही तर पथक मोडणार आणि तिला परत वर्गात खडू धरायला पाठवणार, हे डीनसाहेबांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. कामगारांच्या आरोग्यासाठी एका मोठ्या संस्थेने निधी जाहीर केला होता. अट अशी, की प्रत्येक विद्यापीठाने एकच प्रस्ताव पाठवायचा. आणि इच्छुक दोघे. दुसरे होते फुफ्फुसवाले सर. त्याच गल्ल्यांत, त्याच माणसांच्या छातीतल्या कापसाच्या धुळीवर ते काम करत. माणूस गोरागोमटा, कपड्याची इस्त्री न मोडणारा, आणि इतका गोड बोलणारा की ऐकणाऱ्याने खिसा चाचपून पाहावा.

दोघांनाही प्रस्ताव लिहायला मदत करणार त्या एकट्या अर्जताईच. डॉक्टरिणीला हे पहिल्यापासून खटकलं.

पहिल्या भेटीत अर्जताईंनी तिला खुर्ची हलवायला लावली.

“इथं नको, इकडं बसा. उजेडाकडं तोंड करून.”

“दार लावून घेऊ का? जरा खासगी आहे.”

अर्जताई कपाटाकडे वळल्या होत्या. त्यांनी उत्तर दिलं नाही. डॉक्टरिणीने उठून दार लोटलं, तशा त्या गर्रकन वळल्या. “छे छे, ते उघडंच राहू दे. अंधार होतो.”

मग त्यांनी कागद बाजूला सारला. “लिहिलेलं नंतर. आधी मला सांगा. तुमच्या आत्याला सांगता तसं सांगा.”

डॉक्टरिणीने सांगितलं. अर्जताई तिच्याकडे अशा रोखून बघत होत्या, की जणू आरोपीची जबानी चाललीय. आणि दर दोन वाक्यांनी तिला थांबवून त्या सगळं परत म्हणत, तेही खणखणीत आवाजात.

“थांबा. म्हणजे नवऱ्याचा कान नाही, बायकोचा आवाज मोजायचा. असंच ना?”

“हळू, ताई.”

“असंच ना?”

“असंच,” डॉक्टरीण म्हणाली आणि तिने उघड्या दाराकडे पाहिलं. व्हरांड्यापलीकडे फुफ्फुसवाल्या सरांच्या खोलीची खिडकी होती. तीही उघडी.

त्याच आठवड्यात चहाच्या टेबलावर सर तिच्याशेजारी येऊन बसले. कपात साखर ढवळता ढवळता म्हणाले, “डॉक्टर, बायकांचा आवाज मोजणार म्हणे तुम्ही. आमच्या घरी या आधी. यंत्र मोडेल तुमचं.”

टेबलावर हशा झाला. डॉक्टरिणीच्या मनात पाल चुकचुकली.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“अहो, कानावर येतं काहीबाही,” सर म्हणाले आणि बिस्किटाची बशी तिच्याकडे सरकवली. तिने ती परत सरकवली.

घरी आल्यावर तिने नवऱ्यापाशी मन मोकळं केलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि कुठल्याही संकटाकडे नकाशावरून बघावं तसं लांबून बघायचा. आतल्या खोलीत सासूबाईंचा रेडिओ ठणाणत होता, त्यामुळे मन मोकळं करायचं तेही ओरडूनच.

“अगं, एकाच ऑफिसात दोघं जाता. निघाला असेल विषय.”

“असा कसा निघेल? मी तिथं पोटतिडकीनं सांगते आणि ती बाई दुपारी त्याच खुर्चीत त्याला बसवते.”

“मग नको जाऊस. तू लिही.”

“मी लिहिलेलं कोणाला कळतं? मागच्या वेळी काय झालं, विसरलात?”

मागच्या वेळी तिने स्वतः लिहिलेला प्रस्ताव ‘विषय स्पष्ट नाही’ एवढाच शेरा घेऊन परत आला होता. नवरा म्हणाला, “तुला एक सांगू? तुला सगळ्यांच्या कानाची काळजी आणि तुझा कोणाच्याच तोंडावर विश्वास नाही.”

त्या दिवसापासून तिने अर्जताईंवर नजर ठेवली. पाहू लागलं की दिसतंच. एकदा त्या व्हरांड्यातून पुढे चालल्या होत्या, डॉक्टरिणीने मागून चांगली दोनदा हाक मारली. बाई सरळ निघून गेल्या, मान वळवली नाही. मन खात असलं की माणूस असंच तोंड चुकवतं. टेलिफोनची गोष्ट तर टायपिस्टबाईंनीच सांगितली. ऑफिसने अर्जताईंच्या खोलीत फोन बसवायचं ठरवलं, तर यांनी चक्क नको म्हटलं. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. फुकटचा फोन कोण नाकारतं? ज्याला आपल्या कामाचं बोलणं समोरासमोर, साक्षीदाराशिवाय करायचं असतं तोच. निरोप आला तर टायपिस्टबाईंनी कागदावर लिहून आणून द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता. आणि ते हसणं! डॉक्टरीण काही थट्टेचं बोलली की अर्जताई आधी तिचा चेहरा नीट वाचत आणि मग हसत. हिशेबी हसू, डॉक्टरिणीने मनाशी नोंद केली. कुठेतरी पाणी मुरतंय.

मुरतंय म्हणून भागत नाही, ते बाहेर काढावं लागतं. तिने सापळा लावायचं ठरवलं. प्रस्तावात अशी एक गोष्ट घुसवायची की जी तिने या जगात फक्त अर्जताईंना सांगितलेली असेल. ती सरांच्या तोंडून बाहेर पडली की चोरी पकडली. गोष्ट काय घालावी या विचारात ती जेवायला बसली होती, आणि आत रेडिओवर बातम्या इतक्या मोठ्याने लागल्या की वरणभाताची चव जावी तसं झालं. झालं, तिला गोष्ट सापडली.

दुसऱ्या दिवशी ती सांगाड्यांच्या खोलीत गेली. “ताई, एक नवीन भर घालायचीय. प्रत्येक घरातल्या रेडिओचं बटण कुठपर्यंत फिरवलेलं असतं ते आम्ही टिपणार.”

अर्जताईंचे डोळे चमकले. “रेडिओचं बटण? थांबा थांबा. रेडिओ किती मोठा लावतात, त्यावरून घरातला कान कळणार?”

“हो,” डॉक्टरीण म्हणाली. खोटं बोलताना तिच्या कानशिलांना घाम सुटला होता. “पण हे आपल्या दोघींतच ठेवा हं.”

“रेडिओ,” अर्जताई खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि लिहून घेतलं. “झकास आहे हो.”

चहाच्या टेबलावर सर तिची वाटच बघत असावेत. “डॉक्टर, ती रेडिओची कल्पना झकास आहे,” ते म्हणाले. शब्दसुद्धा तोच. झकास.

ती चहा न घेता उठली आणि तडक डीनसाहेबांकडे गेली. आपला प्रस्ताव मार्गदर्शन खोलीतून फोडला जातोय, पुरावा आहे, असं तिने सांगितलं. डीनसाहेब म्हणाले, असं असेल तर त्या बाईंची नेमणूक आजच्या आज संपवतो. वर्षावर्षाची तर आहे. मग जरा थांबून म्हणाले, तरी एकदा समोरासमोर विचारू. उद्या सकाळी या.

डीनसाहेबांच्या खोलीत त्यांच्या पाठीमागे भिंतभर खिडकी होती. सकाळचं ऊन आत येत होतं आणि त्यात साहेबांचा चेहरा काळपट दिसत होता, नुसत्या झुपकेदार मिशा कळत होत्या. समोर अर्जताई. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीण. अर्जताईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. कशासाठी बोलावलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

डीनसाहेब मिशांतल्या मिशांत म्हणाले, “बाई, डॉक्टरांच्या प्रस्तावातली माहिती बाहेर गेलीय. ती फक्त तुम्हाला ठाऊक होती. तुमचं काय म्हणणं?”

अर्जताई हसल्या. “हो साहेब, टायपिंग होत आलंय. गुरुवारी देते.”

साहेब खुर्चीत पुढे सरकले. “मी टायपिंगचं विचारत नाही. माहिती कोणी फोडली?”

अर्जताई साहेबांच्या अंधाऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर सरांच्या तोंडाकडे गेली, तिथे ओठ मिटलेले. मग डॉक्टरिणीच्या तोंडाकडे. तिथून परत साहेबांच्या मिशांकडे. हातातला रुमाल त्यांनी घट्ट धरला होता.

ही नजर डॉक्टरिणीने शेकडो वेळा पाहिली होती. मागाच्या गल्लीत, तपासणीच्या बाकावर बसलेल्या, पोट हातावर असलेल्या माणसांची नजर. कोणाचे ओठ हलतायत, कुठून काही कळतंय का, ते शोधत फिरणारी. उजेडाकडे तोंड. उघडं दार. मागून मारलेली हाक. नको असलेला फोन, उशिरा येणारं हसू. आणि तो खणखणीत आवाज, बाईंचा स्वतःचा, जो बाईंनाच नीट ऐकू येत नव्हता. आयुष्यभर ती हे ओळखत आली होती, आणि हातभर अंतरावर बसलेल्या बाईच्या बाबतीत तिला नुसती चोरी दिसली होती.

“गप्प राहण्यात अर्थ नाही, बाई,” साहेब म्हणाले.

डॉक्टरीण काय बोलणार? अर्जताईंना ऐकू येत नाही असं सांगावं, तर ज्या बाईचं कामच दुसऱ्याचं ऐकून घेण्याचं, तिला संध्याकाळपर्यंत निरोप मिळेल. न सांगावं, तर चोर म्हणून जाईल. मागाच्या गल्लीत तिने एकाही माणसाचं गुपित मालकाला कळू दिलं नव्हतं. इथे मालक तिचा स्वतःचा होता, एवढाच फरक.

“साहेब, माझी चूक झाली,” ती म्हणाली. “माहिती ताईंनी नाही फोडली. मीच मोठ्यानं बोलते. बहिऱ्या माणसांत राहून राहून मला सवयच लागलीय. दार उघडं होतं. व्हरांडाभर ऐकू गेलं असणार.”

साहेबांनी सरांकडे पाहिलं. “खरं का?”

फुफ्फुसवाल्या सरांनी बाहीची इस्त्री नीट केली. “दार उघडं असतं खरं. माझ्या खिडकीत सगळं येतं. आवाज कुणाचा, ते काही मी उठून बघायला गेलो नाही.” एवढं बोलून त्यांनी अर्जताईंकडे पाहिलं, मग डॉक्टरिणीकडे. त्यांना सगळं ठाऊक होतं की काहीच नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

“म्हणजे तुम्ही स्वतः दवंडी पिटायची आणि तक्रार दुसऱ्याची?” साहेब म्हणाले. “काल पुरावा आहे म्हणालात.”

“हो साहेब. चुकलं.”

तिथेच तिचा निकाल लागला, हे तिला पायऱ्या उतरतानाच कळलं होतं. आठवड्याने विद्यापीठाच्या समितीने सरांचा प्रस्ताव निवडला. तिचा वाचला की नाही कोण जाणे.

पण त्याआधी, त्याच दुपारी, ती सांगाड्यांच्या खोलीत गेली. उजेडाकडे तोंड करून बसली आणि हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “ताई, कधीपासून?”

अर्जताईंनी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मासिकात असतानाच. छापखान्याच्या वर ऑफिस होतं आमचं. तुम्हाला मात्र पहिल्या दिवशीच कळलं होतं, मला माहीत आहे.”

“मला?”

“कशा बघायचात माझ्याकडं. मी म्हटलं, झालं, कानांची डॉक्टर गाठ पडली. आता ही आज सांगते की उद्या. तुम्हाला टाळायला म्हणून मी दोनदा स्वच्छतागृहात जाऊन बसलेय.”

डॉक्टरिणीला हसू आलं आणि मग रडू आलं. ते दोन्ही तिने पदराआड ढकललं. “मी तुम्हाला चोर समजत होते.”

“काय?”

तिने परत सांगितलं. अर्जताईंना ते कळायला वेळ लागला, ऐकू न आल्यामुळे नव्हे. मग त्यांनी विचारलं, “माझा आवाज एवढा जातो?”

“सरांच्या खिडकीपर्यंत.”

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू बोलायचा प्रयत्न केला. इतकं हळू, की आता डॉक्टरिणीला ऐकू येईना. “मला वाटायचं, मी कुजबुजतेय.”

“आणखी एक आहे. तो रेडिओ खोटा होता. तुम्हाला पकडायला घातला होता.”

आता मात्र अर्जताई रागावल्या. आळ घेतला त्याचा आला नसेल इतका राग त्यांना याचा आला. “खोटा? आख्ख्या प्रस्तावात तेवढीच गोष्ट अशी होती की वाचणाऱ्याला डोळ्यांपुढं दिसेल. आमची शेजारीण रोज भिंत ठोकते माझ्या रेडिओवरून. खोटा कसा असेल तो? काढायचा नाही. सांगून ठेवते.”

तो काढला नाही. हे सगळं जुनं झालं, पण कुणाचं काय झालं ते सांगायला हवं.

तपासणी पथक त्या वर्षी मोडलं. डॉक्टरिणीने वर्षभर वर्गात शिकवलं, आणि गल्लीतल्या बायका “आता येत का नाही?” म्हणून विचारत राहिल्या. त्या वर्षात जे कान गेले ते गेलेच. पुढच्या वर्षी अर्जताईंनी एक लहान निधी शोधून काढला आणि दोघींनी मिळून प्रस्ताव लिहिला. तो मंजूर झाला. बायकांचा आवाज मोजणं जमलं, पण ते वाटलं होतं त्याच्या निम्मंही उपयोगी पडलं नाही. यंत्र दिसलं की बायका लाजून हळू बोलत. रेडिओचं बटण मात्र कुणाला लाजलं नाही.

डीनसाहेब सन्मानाने निवृत्त झाले आणि अर्जताईंच्या कानांचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. फुफ्फुसवाल्या सरांचं काम नावारूपाला आलं. त्या गल्ल्यांत धूळ ओढून घेणारे पंखे बसले ते त्यांच्यामुळे, आणि डॉक्टरीण हे कबूल करी, जरा तोंड वाकडं करून का होईना. सर परदेशी गेले, दर नववर्षाला तिला कार्ड पाठवत राहिले. कार्डात इतकं गोड लिहिलेलं असे की ती ते दोनदा वाचून बघे.

अर्जताईंनी कानात यंत्र घातलं, केसांआड. डॉक्टरिणीनेच बसवून दिलं. त्यांची नेमणूक कायम झाली आणि पुष्कळ डॉक्टरांना त्यांनी बोलायला शिकवलं. दार त्यांनी शेवटपर्यंत उघडंच ठेवलं, पण व्हरांड्यापलीकडची सरांच्या खोलीची खिडकी बंद करून घेतली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या बहिणीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या.

नवरा नकाशे गुंडाळून घरी बसला. आणि सासूबाई? त्यांचा रेडिओ हा घरात वर्षानुवर्षं भांडणाचा विषय होता. प्रस्ताव मंजूर झाला त्या संध्याकाळी रेडिओ ठणाणत असतानाच डॉक्टरीण आतल्या खोलीत गेली आणि बटण कुठपर्यंत फिरवलंय ते पहिल्यांदाच वाकून नीट पाहिलं. मग त्यांच्यासमोर, उजेडाकडे तोंड करून बसली.

“सासूबाई,” तिने विचारलं, “कधीपासून?”

“सातच्या बातम्यांपासून,” सासूबाई म्हणाल्या. “का गं?”